नमुना रुग्णाचा, नमुना पाण्याचा

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांचा शोध पुढे आला आणि १९८७ पासून आपण तो दिवस देशभर पाळतो. रामन यांच्या शोधाची सुरुवात पाण्यापासून झाली, हे आज शाळाशाळांतून मुलांना आवर्जून सांगायला हवे. १९२१ साली इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ सांगून गेला होता. रामन यांनी जवळचा निकोल प्रिझम डोळ्याला लावला आणि पृष्ठभागावरून परतणारा उजेड अडवला. तरीही निळा रंग राहिलाच. रंग पाण्याचाच होता, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. त्या वाटेने पुढे सात वर्षांनी जो परिणाम सापडला, त्यावर चालणारी उपकरणे आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून अभ्यासली जात आहेत. समुद्राच्या रंगाबद्दलचे कुतूहल शंभर वर्षांत रुग्णाच्या गालाच्या आतल्या कातडीपर्यंत पोहोचले.

हे उदाहरण मुद्दाम घेतले. आपल्या विद्यापीठांत एखाद्या अभ्यासकाच्या नावावर रोगनिदानाचेही शोधनिबंध असले आणि तलावातल्या जीवांचेही असले, की ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असा शेरा त्याच्यामागे लागतो. निवड समिती विचारते, तुमचा विषय नेमका कोणता? रक्त, लघवी, थुंकी तपासणारा एका इमारतीत बसतो, पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्मजीव पाहणारा दुसऱ्या इमारतीत, आणि दोघांच्या विद्याशाखाही वेगळ्या. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. पाण्याची परीक्षा आणि रोगाची परीक्षा या दोन विद्या नाहीत, एकच आहे. ज्या अभ्यासकाने दोन्हीकडे काम केले, तो भरकटलेला नसून रोगाच्या मुळाकडे निघालेला आहे. महाराष्ट्राच्या वैद्यक इतिहासातच याचे पुरावे आहेत आणि ते सुप्यासारख्या गावाच्या थेट उपयोगाचे आहेत.

सुप्याचेच का? पुणे-नगर महामार्गावरचे हे गाव पारनेर तालुक्यात, म्हणजे पर्जन्यछायेत येते. फेब्रुवारी संपता संपता विहिरींचा तळ दिसू लागतो आणि पुढचे तीन-साडेतीन महिने पाणी कुठून येते, कसे येते, कोणत्या भांड्यात साठते, यावर घराघरातले आजारपण ठरते. वर कवड्या डोंगरावर पवनचक्क्या, खाली औद्योगिक वसाहत, कामासाठी राज्याबाहेरूनही आलेली माणसे, भाड्याच्या खोल्या, साठवणीच्या टाक्या. हंगा नदीचे पाणी येथून खाली श्रीगोंद्याकडे विसापूरच्या तलावात उतरते. म्हणजे इथल्या पाण्यात जे मिसळते, त्याचा हिशेब दुसऱ्या तालुक्यालाही द्यावा लागतो. राळेगणसिद्धी याच तालुक्यात आणि हिवरे बाजार शेजारच्या तालुक्यात. पाणी अडवावे कसे आणि जिरवावे कसे, हे या परिसराने राज्याला शिकवले. अडवलेल्या पाण्यात काय जगते आणि ते माणसाच्या अंगात गेल्यावर काय होते, हा धडा मात्र अजून कोणी मन लावून गिरवलेला नाही.

आता गिमवीची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात हे लहानसे गाव आहे. तेथल्या काही माणसांच्या लघवीतून रक्त जाई. असे रुग्ण कुठल्याही डॉक्टरपुढे आले, तर पहिला संशय मुतखड्याचा, क्षयाचा किंवा मूत्राशयातल्या गाठीचा. डॉ. आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी लघवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला तेव्हा त्यात लांबट अंडी दिसली, एका टोकाला काटा असलेली. पाठ्यपुस्तकात हे चित्र इजिप्तच्या प्रकरणात असते. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरोत ज्या कृमीचा शोध लावला, त्या शिस्टोसोमाची अशी अंडी असतात. आफ्रिकेत राहून आलेल्या माणसांत हा रोग भारतात आढळला असता, तर कोणाला नवल वाटले नसते. पण एका कोकणी खेड्यात, स्थानिक लोकांमध्येच तो नांदत होता. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी हे प्रसिद्ध केले. भारतात माणसांतल्या या रोगाचे असे स्थानिक केंद्र म्हणून गिमवीचे नाव तेव्हापासून वैद्यकीय ग्रंथांत नोंदले गेले.

निदान झाले. दुसरा कोणी असता तर औषध सुचवून मोकळा झाला असता. पण या रोगाला एका गोष्टीवाचून पुढचे पाऊलच टाकता येत नाही, ती म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरते, तेथे तिची संख्या वाढते, आणि मग शेपटीची बारीक पिल्ले पाण्यात येऊन अंघोळीला, धुण्याला, गुरे पाजायला उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. पिण्याचा प्रश्नच नाही, पाण्यात पाय घातला तरी पुरे. म्हणून गिमवीत खरा प्रश्न हा होता की, या गावच्या पाण्यात ती गोगलगाय आहे तरी कोणती? आफ्रिकेतली ओळखीची जात येथे नव्हती. गाडगीळ-शाह यांनी पुढच्या काही वर्षांत गावच्या पाण्यातले शंख-शिंपले पालथे घातले आणि फेरिसिया टेन्युइस या जातीवर बोट ठेवले. हा जीव काही मिलिमीटरांचा. शंख गुंडाळलेला नसतो, उपड्या टोपीसारखा असतो आणि दगडाला, पानाला चिकटून बसतो. हातात घेऊनही लक्षात येणार नाही असा प्राणी.

या कामाची जात लक्षात घ्या. सकाळी लघवीच्या बाटल्या आणि दुपारी ओढ्यातले दगड उलटून पाहणे. एका संशोधनात दोन शास्त्रे आली, कारण रोगच दोन ठिकाणी राहत होता, अर्धा माणसात आणि अर्धा पाण्यात. अमुक काम वैद्यकाचे आणि तमुक प्राणिशास्त्राचे, अशी वाटणी करीत ते बसले असते, तर लघवीतून रक्त जाण्याचे कारण गिमवीच्या लोकांना कधीच कळले नसते. महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या इतिहासात या कामाला जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी मिळालेली नाही, असे आमचे मत आहे. निदान विज्ञान दिनी तरी शाळांतल्या फलकांवर रामन यांच्या बाजूला गिमवीचे नाव लिहिले जावे.

दुष्काळी टापूतल्या जुन्या माणसांना मात्र गिमवीपेक्षा नारू जवळचा. पायावर फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. काडीला गुंडाळीत, रोज थोडा थोडा ओढीत तो काढावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळे. नारूच्या निदानाला प्रयोगशाळा लागत नव्हती, डोळ्यांना दिसेल असा रोग तो. त्याचे कोडे पाण्यातच सुटायचे होते आणि ते १८७० मध्ये रशियन संशोधक फेडचेंको यांनी तुर्किस्तान प्रांतात सोडवले. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरला की जखमेतून जंताच्या अळ्या पाण्यात पडतात, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म कवचधारी जीव त्या गिळतो, आणि तो सायक्लॉप्स आपण पाण्याबरोबर पितो. वर्षभराने पायावर फोड येतो. पाणी फडक्यातून गाळले की सायक्लॉप्स अडकतो. पायऱ्यांची विहीर बुजवून किंवा बांधून काढून हातपंप बसवला की जखमी पाय पाण्यात जात नाही. लस नाही, औषध नाही, फक्त एका जलचराचे जीवनचक्र ठाऊक असणे. एवढ्या भांडवलावर भारताने १९८३-८४ मध्ये मोहीम काढली. रोगग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्र होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. रुग्णाला औषध न देता रोग हद्दपार करण्याची ही कामगिरी पाण्याच्या अभ्यासाची होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

हा सायक्लॉप्स पाहायचा असेल तर तळ्यातले पाणी बारीक जाळीतून गाळून, जाळीच्या टोकाला बांधलेल्या कुपीत जे थेंबभर उरते ते काचेवर घ्यावे. सायक्लॉप्स लगेच ओळखू येतो. कपाळावर एकच लाल डोळा, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या. त्याच्या आजूबाजूला केसाळ चक्रे फिरवणारे रोटिफर दिसतात आणि काचेसारख्या पारदर्शक, नक्षीदार डब्या दिसतात. त्या डब्या म्हणजे डायटम. एकपेशीय शेवाळ, पण घर सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्याची बनते त्याचे. प्राणी-वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला डायटम ठाऊक असतात ते पाण्याच्या प्रतीचे माप म्हणून. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात एका प्रकारच्या जाती वाढतात, स्वच्छ वाहत्या पाण्यात दुसऱ्या. एका दिवसाची रासायनिक तपासणी त्या दिवसापुरते सांगते. डायटमचा समूह मागच्या काही आठवड्यांची कहाणी सांगतो.

आणि हाच डायटम शवविच्छेदनाच्या टेबलावरही भेटतो. विहिरीतून प्रेत निघाले की गावात आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न एकच: बुडून मेला, की मारून टाकला? जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो. त्याबरोबर आलेले डायटम फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांतून रक्तात शिरतात, आणि हृदय अजून चालू असल्यामुळे ते रक्ताबरोबर हाडांच्या मज्जेपर्यंत जातात. मेल्यानंतर पाण्यात टाकलेल्या माणसाचे हृदय थांबलेले असते, तेव्हा डायटम मज्जेपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून हाडाचा तुकडा आणि ज्या विहिरीत प्रेत सापडले तिच्या पाण्याचा नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. मज्जा तीव्र आम्लात विरघळवतात. सिलिकाची डबी आम्लाला दाद देत नाही, ती शिल्लक राहते. मज्जेतल्या जाती आणि विहिरीतल्या जाती जुळल्या तर बुडून मृत्यू झाल्याच्या अंदाजाला बळ मिळते. एकट्या डायटमवर निकाल देता येत नाही. बुडालेल्या माणसातही कधी ते सापडत नाहीत आणि तपासणीच्या पाण्यातून, भांड्यांतून बाहेरचे डायटम नमुन्यात येऊ शकतात, हे तज्ज्ञ मान्य करतात. पण जो पुरावा मिळतो त्याची किंमत कशावर ठरते? आपल्या भागातल्या विहिरी-तलावांत कोणत्या ऋतूत कोणत्या जाती असतात, याची यादी आधी कोणी केलेली आहे का, यावर. ती यादी करणारा माणूस म्हणजे ज्याला आपण ‘नुसता शेवाळ पाहणारा’ म्हणतो, तो.

अशी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळ्याच्या पाण्यातले डायटम चित्रांसह नोंदवले. १९८४ मध्ये सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातील डायटमवरचा ग्रंथ औरंगाबादहून निघाला. त्याआधी, मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातले जेलीफिश शोधले. हा वंश तोवर आफ्रिकेतच माहीत होता, त्यामुळे शोधाची देशोदेशी चर्चा झाली. याच आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत डायटमचाही अभ्यास चालतो आणि सूक्ष्मजीव व अतिसूक्ष्म कणांचाही, ज्यांचा रोगनिदानाशी जवळचा संबंध आहे. एका छपराखाली दोन्ही नांदू शकतात, याचे हे आपल्याच राज्यातले उदाहरण. पुण्यात जे जमते ते तालुक्याच्या ठिकाणी का जमू नये?

न जमल्याचा तोटा काय होतो, तो गप्पी माशांच्या गोष्टीत स्पष्ट दिसतो. हिवताप, डेंग्यू वाढले की आरोग्य खात्याची माणसे डबकी, टाक्या, हौद पाहत फिरतात, कोरडा दिवस पाळायला सांगतात आणि गप्पी मासे सोडतात. गप्पी डासांच्या अळ्या खातो, हे खरे आहे. तो दक्षिण अमेरिकेतला, कुठेही तग धरणारा, भराभर पिल्ले देणारा मासा आहे, हेही खरे आहे. हौदात तो उपकारक ठरतो. तोच पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात, तलावात गेला तर देशी लहान माशांची अंडी-पिल्ले आणि त्यांचे खाद्य यांवर पडतो, आणि देशी मासेही डासांच्या अळ्या खाणारेच असतात. गप्पी कोणत्या पाण्यात सोडावा आणि कोणत्या पाण्यात सोडू नये, हे सांगू शकेल असा प्राणिशास्त्राचा अभ्यासक जवळच्या महाविद्यालयात असतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि तोही आपण होऊन आरोग्य केंद्राची पायरी चढत नाही. व्हिएतनामात तर डेंग्यूच्या डासावर उपाय म्हणून घरगुती पाणीसाठ्यात सायक्लॉप्सच्याच कुळातले जीव सोडले गेले आणि गावेच्या गावे त्या डासापासून मुक्त झाली, असे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. आपल्याकडे नारूचा वाहक म्हणून ज्याला गाळून टाकले, तो दुसऱ्या देशात तापावरचा पहारेकरी झाला. नारू गेला आहे, तेव्हा आपल्याकडेही या जीवाकडे नव्याने पाहता येईल. पण ते ठरवायला डासांचा, तापाचा आणि तळ्याचा विचार एका बैठकीत व्हावा लागतो.

शहरांनी हा विचार थोडाफार केला आहे. मुंबईतल्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायला सुरुवात केली. पोलिओचा विषाणू अंगात गेलेल्या बहुतेक मुलांना लकवा होत नाही, त्यामुळे दवाखान्यात येणारी मुले मोजून विषाणू कुठवर पोहोचला ते समजत नाही. गटारात मात्र तो लपत नाही. लकव्याचा एकही रुग्ण नसताना सांडपाण्याने इशारा दिला, असे त्या कामातून हाती आले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या निर्वाळ्यामागे लाखो स्वयंसेवकांच्या पल्स पोलिओच्या डोसांबरोबर गटाराच्या पाण्याच्या बाटल्याही आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी हिपॅटायटिस ‘ई’ वर केलेले काम असेच पाण्याच्या वाटेने जाते. १९५५-५६ मध्ये यमुनेच्या दूषित पाण्यामुळे दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती नेमकी कोणती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली तेव्हा उलगडले. आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गीया-बारे आजाराचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले, दोनशेच्या वर गेले, तेव्हा काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि साऱ्या नजरा विहिरीच्या, टँकरच्या, सोसायट्यांच्या टाक्यांतल्या पाण्याकडे वळल्या. हातापायातली ताकद जाऊन कृत्रिम श्वासावर गेलेल्या तरुण माणसांच्या नातेवाइकांनी तेव्हा जो प्रश्न विचारला, तो आपण आधीच विचारायला हवा होता: हे पाणी शेवटचे कोणी आणि कधी तपासले?

ग्रामीण भागात त्या प्रश्नाला काहीच उत्तर नाही, असे नव्हे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. सार्वजनिक नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे (ओटी) थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. काळी पडणारी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायची आणि दीड-दोन दिवसांनी पाणी काळे झाले तर विष्ठेतले जंतू असल्याचा संशय घ्यायचा. वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होते आणि गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने जातात. दुसरीकडे आरोग्य केंद्रात हगवण, कावीळ, विषमज्वर, ताप यांची नोंद होते, रक्तनमुने काढले जातात, साप्ताहिक अहवाल वर जातो. तिसरीकडे महाविद्यालयात एखादी विद्यार्थिनी वर्षभर महिन्यागणिक तळ्यावर जाते, पाण्याचा सामू, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा मोजते, जाळी फिरवून सूक्ष्मजीव मोजते आणि प्रबंध लिहिते. तीन वह्या आहेत. तिन्ही प्रामाणिकपणे भरलेल्या असतील. पण तिन्ही कधीच एका टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या जात नाहीत. कोणत्या आठवड्यात क्लोरीन नव्हते, त्यानंतर कोणत्या वस्तीत हगवण वाढली आणि त्या वेळी तळ्यात काय बदल झाला होता, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि प्रत्येक खात्याचा अहवाल मात्र आपापल्या परीने पूर्ण असतो.

आमचा सर्वांत मोठा आग्रह महाविद्यालयांकडे आहे, कारण त्यांच्याकडे बदलीची भीती नसलेली माणसे आहेत, दरवर्षी नवे हात येतात आणि सूक्ष्मदर्शक आधीच आहेत. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजायची पद्धत आल्यापासून प्राध्यापकांवर निबंध काढण्याचा दबाव आहे. त्या दबावाखाली एका तळ्याचे बारा महिने मोजून काम छापायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तळ्याकडे वळायचे, अशी रीत पडली. तळ्याला याचा उपयोग होत नाही. एकच तळे, तीच जागा, तीच पद्धत, आणि वीस वर्षे, असे काम हवे. त्यातून निबंध कमी निघतील, पण औद्योगिक वसाहत वाढत असताना पाण्यात काय बदलले हे सांगणारा एकमेव भरवशाचा दस्तऐवज तोच असेल. कारखान्यांमुळे पाणी बिघडले, असे कोणी म्हटले, किंवा कारखान्यांनी काही बिघडवले नाही, असे कोणी म्हटले, तर दोघांनाही आज पुराव्याशिवायच बोलावे लागते. ही स्थिती उद्योगांच्याही हिताची नाही आणि शेतकऱ्यांच्याही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अशा दीर्घ नोंदींना शोधनिबंधाच्या बरोबरीचे गुण द्यावेत. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पात एक अट घालावी: नमुना पाण्याचा असेल, तर त्या गावच्या आरोग्य केंद्रातले त्याच काळातले आकडे शेजारी मांडा. रुग्णाचे नाव लागत नाही, वस्ती आणि आठवडा पुरतो.

रोगनिदानाकडून पाण्याकडे आलेल्या किंवा पाण्याकडून रोगनिदानाकडे गेलेल्या प्राध्यापकाला निवड समितीने ‘तुमचा विषय कोणता’ असे विचारणे आता थांबवावे. त्याच्या निबंधांच्या यादीकडे पाहून एक वेगळा प्रश्न विचारावा: तुमच्या कामाचा निष्कर्ष कोणत्या ग्रामपंचायतीला कळवला? निष्कर्ष मराठीत हवा, पानभर हवा, आणि ग्रामसभेत वाचला जायला हवा. लाल कार्ड आले की गावात चार दिवस चर्चा होते, कारण रंग सगळ्यांना कळतो. तलावातल्या जातींची यादी कोणाला कळत नाही, तो गावकऱ्यांचा दोष नाही. ‘गेल्या उन्हाळ्यात या तळ्यात सांडपाण्यात वाढणाऱ्या जाती जास्त सापडल्या, म्हणून या काठावरच्या विहिरींचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका’, असे एक वाक्य लिहिता आले तर वर्षभराचे काम सार्थकी लागले.

आज सुप्याच्या आणि परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांत प्रदर्शने भरली असतील. ज्वालामुखीच्या प्रतिकृती असतील, सौरचुली असतील. त्यांच्या शेजारी एक सूक्ष्मदर्शक ठेवावा, एका काचेवर गावच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या काचेवर आरोग्य केंद्रातून मागून आणलेली हिवतापाच्या रक्ताची जुनी काचपट्टी. समजावून सांगायला विद्यार्थी आणि आरोग्यसेविका दोघेही उभे राहावेत. याला निधी लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. मुख्याध्यापकांनी आरोग्य केंद्राला एक फोन केला की झाले.

आणि नोंदीचे काम याच आठवड्यात सुरू व्हावे. मार्च ते जून या महिन्यांत पाणी आटत जाते, तसतसे त्यातले सगळे घट्ट होत जाते, क्षारही आणि जंतूही. वर्षातली सर्वांत बोलकी नोंद याच काळात मिळते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की ओढ्यांतला सगळा गाळ-कचरा तळ्यात येतो आणि आदल्या उन्हाळ्याचा माग पुसला जातो. या वर्षीचे नमुने घ्यायला आता तीन महिने आहेत. हंगा नदीकाठची ठरलेली चार ठिकाणे, दर पंधरा दिवसांनी एक फेरी, आणि त्याच पंधरवड्याचे आरोग्य केंद्राचे आकडे, एवढ्यावर सुरुवात होते. ज्या महाविद्यालयाचा विभाग हे काम अंगावर घेईल, त्याच्या नोंदी दर महिन्याला याच पानावर, मराठीत आणि कोणतीही काटछाट न करता छापायला आम्ही बांधील आहोत.